घरवंडी कुठे ठेवायची?

अक्का, हे मी देवनागरीत लिहितोय, म्हणजे तुम्ही असतात तरी तुम्हाला वाचता आलं नसतं. तुमचं मराठी सगळं कानात आणि तोंडात. लिहायची वेळ आली की तुमचं तमिळ सुरू. मी वाचून दाखवलं असतं आणि तिसऱ्या ओळीलाच तुम्ही मला थांबवलं असतंत. "असं कोण बोलतं रे, सांगली?" म्हणाला असतात, आणि मग तासभर वाद. तुमचं वय, नोकरी, काय झालं, कसं झालं, यातलं मी काही लिहीत नाही. ते सगळं तुमच्या भाच्यानं, रघूनं, तमिळ पेपरात दिलंय, फोटोसकट. फोटो तुम्हाला अजिबात आवडला नसता. वीज मंडळातल्या निवृत्त बाईचा वाटतच नाही, कुणाला तरी शाप देऊन नुकत्याच बसल्यासारख्या दिसताय त्यात.

मला तुमच्याशी एकाच गोष्टीवर बोलायचंय. घरवंडी. तो वाद आपण अर्धा टाकला होता. "सरी, सरी, नवरात्रांत बघूं," असं म्हणून, म्हणजे तमिळमध्ये बरं बरं करून, तुम्ही फोन ठेवलात, आणि त्याच आठवड्यात गेलात. नवरात्र परवा संपलं. वादाचं काय झालं ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तो वाद तुमचा होता आणि मी तो एकट्यानं निस्तरलाय.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण हे आपल्या ग्रुपवरची मंडळीही वाचणार, म्हणून थोडं मागून सांगतो. कंटाळा आला तर आवाज देऊ नका.

पहिल्या भेटीत तुम्ही माझ्याशी बोललाच नाहीत, माझ्या रोड रोलरशी बोललात. मी सांगलीहून बदली होऊन तंजावूरच्या बँकेत नुकताच आलो होतो. टेबलावरचे कागद पंख्यानं उडू नयेत म्हणून बोटभर लांबीचा लोखंडी रोड रोलर ठेवायचो. तुम्ही पेन्शनच्या कामाला आलात, समोर बसलात, काही न विचारता तो उचललात आणि उलटा करून पोटावरचा छाप बघितलात. मग टेबलावर इकडून तिकडे चालवलात आणि तमिळमध्ये म्हणालात, मागचं चाक अडकतंय, खोबरेलाचा थेंब सोडा. मी फोनवर आईशी बोलत होतो. मला वाटलं, या बाईंना मराठी कुठलं कळतंय. म्हटलं, "अगं, एक बाई आल्यात, खेळण्याशी खेळत बसल्यात." तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत.

"खेळण्याशीं खेळायचं नाहीं तर काय पुजायचं कां?"

मी फोन खाली ठेवला. च्यायला, हे असं नाकात गुणगुणणारं मराठी मी फक्त माझ्या पणजोबांच्या जुन्या पत्रांत वाचलं होतं, आणि ते इथं कावेरीच्या काठी नऊवारी नाही, साधी सुती साडी नेसून माझ्यासमोर बसलं होतं. वर हेल सगळा तमिळ. "कोठचे तुम्ही?" विचारलंत. मी म्हटलं, सांगली. त्या दिवसापासून माझं नाव सांगली पडलं. बायको मेधा सोडली तर तंजावुरात मला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नाही.

राजवाड्यामागच्या गल्लीतलं तुमचं घर मी त्याच रविवारी बघितलं. पुढची खोली, मागची खोली, आणि दोन्हीत मिळून नुसत्या गाड्या. पत्र्याच्या बसेस, लाकडी लाऱ्या, रिक्षा, सरबताचा हातगाडा, आगीचे बंब. मीही पंधरा वर्षं गाड्या जमवतोय, पण माझ्या सगळ्या खोक्यात. खोकं उघडायचं नाही, चिकटपट्टी काढायची नाही, उन्हात ठेवायचं नाही. तुमच्या एकाही गाडीचं खोकं शिल्लक नव्हतं. तुम्ही आयुष्यभर टाऊन बसनं फिरलात, सायकलसुद्धा कधी चालवली नाहीत, आणि गल्लीतली पोरं तुम्हाला वंडी पाटी म्हणायची, गाड्यावाली आजी. मी म्हटलं, "अक्का, खोकी कुठंयत?" तुम्ही म्हणालात, "चुलींत." मी रात्रभर तळमळलो, खरं सांगतो. मेधाला वाटलं, सांबार बाधलं.

मग मी तुम्हाला आमच्या ग्रुपवर घेतलं. खेळणी जमवणारी मराठी माणसं, गावोगावची. तुम्हाला मेसेज वाचता यायचे नाहीत, म्हणून मी वाचून दाखवायचो आणि तुम्ही बोलून पाठवायचात. पहिल्यांदा तुमचा आवाज ऐकून पुण्याचे काका म्हणाले, हे कुठल्या नाटकातलं आहे? तुम्ही उत्तर दिलंत, "नाटक नव्हे हो, माझं तोंड अस्से तें." त्यानंतर काका तुमचे सगळ्यात मोठे भक्त.

आणि मग ती नवी कॅम्परगाडी आली. म्हणजे बाजारात यायची होती, काकांनी फोटो टाकला. राहायची गाडी. आत तीन पलंग, शेगडी, एक भांडं, ते ढवळायचं एक साधन, दोन घडीच्या खुर्च्या, एक बादली, बाहेर ओढता येणारं कापडी छत आणि चार माणसं: आई, बाप, दोन पोरं. झालं. गाडी चांगली की वाईट राहिलं बाजूला, आमची भांड्यावरनं जुंपली. पुणं म्हणालं पातेलं. मालवणचे भाऊ म्हणाले टोप. लातूरचे गुरुजी म्हणाले, भगुनं आहे ते, डोळे तपासून घ्या. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, "अगं बाई, केवढुसा गंज!" तर भाऊंना वाटलं, नव्या गाडीला गंज चढलाय, आणि ते पैसे परत मागायच्या गोष्टी करायला लागले. मग ढवळायच्या साधनावर आले. उलथनं, कालथा, सराटा. छताला कुणी मांडव म्हणे, कुणी पडवी. मी तुम्हाला एकेक वाचून दाखवत होतो आणि तुम्ही पदराआड हसत होतात. तुमच्या घरात बादलीला वाळी म्हणतात आणि मांडवाला पंदल, तेव्हा तुम्हाला तर ही सगळीच मंडळी परगावची. शेवटी तुम्ही माझ्या हातून फोन घेतलात.

"त्यांत भात होतो कां तें आधीं सांगा. नांव मागनं ठेवूं."

ग्रुपवर मग हसणं सुरू झालं ते थांबेचना. गाडीचं नाव मात्र ठरायचं राहिलं होतं. गुरुजींनी बिऱ्हाडगाडी सुचवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तुम्ही म्हणालात, येवढं लांब नाव घेईपर्यंत गाडी कुंभकोणम गाठेल. वंडी म्हणजे गाडी, सायकलपासून लारीपर्यंत सगळी वंडी. घर अस्से म्हणून घरवंडी. संपलं. आज नागपुरातसुद्धा त्या गाडीला घरवंडीच म्हणतात, अक्का. निदान डॉक्टरीणबाईंच्या घरात तरी.

मी दोन मागवल्या, एक तुम्हाला, एक मला. माझी खोक्यातच सांगलीच्या घरी गेली. तुमची तुम्ही माझ्यादेखत फोडलीत, तीही दातांनी. चारही माणसं पलंगावर निजवायला गेलात तर पलंग तीन. आपण दोघं, एक पेन्शनवाली आणि एक बँकेचा अधिकारी, कॉफी गार होईपर्यंत त्या चौथ्या माणसाची सोय लावत बसलो. मी म्हटलं, पोरं लहान आहेत, एका पलंगावर दोघं. तुम्ही म्हणालात, छे, पोरांना पाय पसरायला लागतात; बाप नाहीं निजायचा, वंडी कोण हाकेल? "आणि आई?" मी विचारलं. "आई तर कधींच निजत नाहीं, पण तिला पलंग पाहिजे. भांडायला जागा पाहिजे की नाहीं?" तुम्ही लग्न केलं नाहीत, आणि संसाराबद्दल इतक्या ठामपणे बोलायचात की मी घरी जाऊन मेधाला विचारून खात्री करायचो.

पण खरं भांडण निजण्याचं नव्हतं. ते कोलूचं होतं.

कोलू म्हणजे काय ते सांगलीच्या माणसाला इथं येऊन कळलं. नवरात्रात घरात पायऱ्या मांडायच्या, त्यावर पांढरं वस्त्र, आणि त्यावर बाहुल्या. वर देव, मध्ये राजेराणी, खाली वाणी, सोनार, लग्नाची वरात. संध्याकाळी बायकापोरं बघायला येतात, हळदकुंकू, विडा, आणि सुंडल, म्हणजे फोडणीचे उकडलेले हरभरे. तुमच्या पायऱ्यांवर देवांच्या खाली सरळ गाड्याच सुरू व्हायच्या. तुम्हाला नुसतं तुळसा म्हणणाऱ्या शेजारच्या अंबुजाबाईंना ते कधी पटलं नाही. दरवर्षी यायच्या, दरवर्षी नाक मुरडायच्या, "गाड्या काय देव अस्सत कां?" म्हणायच्या आणि दोनदा सुंडल मागून घ्यायच्या.

माझ्या पहिल्या कोलूला मी काय केलं ते गल्लीत अजून सांगतात. दुसऱ्या पायरीवर एक हिरवी पत्र्याची बस होती, तसली मी फक्त चित्रात बघितली होती. हात आपोआप गेला. उचलली आणि छाप बघायला उलटी केली. आमच्या धंद्यातली खोडच ती, दिसली गाडी की कर उताणी. खोलीतल्या सगळ्या बायका एकदम ओरडल्या. मला वाटलं, पाल पडली. अंबुजाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अय्यय्यो, उचललास! कोलू उचललास!" एकदा मांडलेली बाहुली दसऱ्याच्या रात्रीपर्यंत हलवायची नसते, हे मला कोण सांगणार? तुम्ही बस माझ्या हातून घेतलीत, होती तिथं ठेवलीत, दिव्यापुढं हात जोडलेत आणि मला म्हणालात, "पायरीवरचं देवाचं. जमिनीवरचं पोरांचं. तूं खालीं बस."

खाली तर वेगळंच राज्य होतं. फरशीवर खडूनं रस्ते आखलेले. हे जुनं बस स्टँड, हा राजवाडा, ही मोठ्या देवळाची भिंत, आणि इकडे कपाटाखालून जाणारा पापनाशमचा रस्ता, मध्ये रेल्वेचं फाटक, काड्यापेटीचं. आठ-दहा पोरं पालथी पडून गाड्या चालवत होती आणि तुम्ही, साडी खोचून, त्यांच्यात. तोंडानं शिट्टी, हॉर्न, ब्रेक. फाटक पडलं की सगळ्यांनी थांबायचं आणि तुम्ही रेल्वे होऊन जायचात. फाटक उघडलं की ओरडायचात, "पापनाशम् इरंगु! इरंगु!" उतरा, उतरा. एकाची चाकं निघाली, एकाचा दिवा फुटला. माझा जीव थोडाथोडा होत होता. मी भिंतीला टेकून गुडघे पोटाशी घेऊन बसलो आणि मनातल्या मनात एकेका गाडीची हळहळ करत राहिलो.

घरवंडी आली तेव्हा तुम्ही लगेच ठरवून टाकलंत, ही यंदा जमिनीवर. मी म्हटलं, अक्का, वेड लागलंय का? ते छत कागदाएवढं पातळ आहे, खुर्च्यांचे पाय काडीएवढे. पोरं दोन दिवसांत वाट लावतील. पहिलं वर्ष तरी पायरीवर ठेवा, लोक बघतील. तुम्ही म्हणालात, "बघून काय होतं?"

हा वाद आपण सगळा आडी महिना, म्हणजे आपला आषाढ, घातला. बँकेत, फोनवर, देवळाच्या आवारात चपला सांभाळत. मी म्हणायचो, ही परत मिळणार नाही. तुम्ही म्हणायचात, पोरंही परत येवढीं होणार नाहींत. मी म्हणायचो, जपून ठेवलं तर पुढच्यांनाही मिळेल. तुम्ही म्हणालात, "पुढच्यांनाही जपूनच ठेवशील. तुला ठाऊक कां, आमच्या घरीं कोलूला आम्ही सात भावंडं हात मागें बांधून उभीं राहायचों. नऊ दिवस. दहाव्या दिवशीं सगळं पेटींत. माझ्या पहिल्या पगारांत मीं गाडी आणली आणि त्याच दिवशीं ओसरीवर चालवली. अठ्ठावीस वर्षांची घोडी मी." मी त्यावर नुसताच आवाज चढवला. मग तुमचं ते "सरी, सरी". ते तुमचं शेवटचं वाक्य ठरेल हे कुणाला माहीत होतं?

रघू चेन्नईहून आला, त्यानं सगळं नीट केलं. भाचा असावा तर असा, त्यात वाद नाही. तेराव्यानंतर त्यानं मला घरी बोलावलं. म्हणाला, मामा, या घरात वर्षभर कोलू नाही, सुतकाचं घर. घर पुढं भाड्यानं द्यायचंय. बंगळूरचा एक जण गाड्यांचे फोटो मागतोय, सगळ्या एकगठ्ठा घेतो म्हणतो, काचेच्या कपाटात ठेवणार आहे. तुमचा जीव आहे यांच्यावर, तुम्ही सांगा. दसऱ्यापर्यंत मी कुणाला काही बोलत नाही.

मी खोलीत बघितलं. सगळ्या गाड्या होत्या तशा, तोंडं दाराकडे. मला सुतक नव्हतं, अक्का. तुमचं माझं नातं कुठल्या पंचांगात बसत नाही. मी घरी येऊन जेवलो, दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो, आणि टेबलावरचा रोड रोलर बघून सगळ्यांदेखत रडलो. शिपायानं पाणी आणून दिलं आणि सिस्टिम बंद आहे असं गिऱ्हाइकांना खोटंच सांगितलं.

मला सुतक नाही, तर कोलू मी ठेवतो, असं मी मेधाला सांगितलं. कोलूत खंड पडू द्यायचा नसतो हेही मी तुमच्याकडूनच ऐकलेलं. मेधा म्हणाली, "तुम्ही? तुम्हाला आपल्या गणपतीची आरास जमत नाही." मग तिनंच बाकं आणली, एकावर एक चढवून पायऱ्या केल्या, आणि बाजारातून देवीची मूर्ती आणली. गाड्या तुमच्या, चार रिक्षा भरून. काचेच्या कपाटाचं मी काही ठरवलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटत होतं. बंगळूरचा माणूस पुसून ठेवेल, जपेल. आम्ही पुढच्या उन्हाळ्यात सांगलीला परत बदली मागणार होतो, तिथल्या दोन खोल्यांत मी येवढं कुठं ठेवू? म्हटलं, यंदाचा कोलू तुमच्या नावानं, आणि मग आटोपतं घ्यावं.

आणि घरवंडी मी पायरीवर ठेवली. तिसऱ्या, अगदी मधोमध. छत ओढून, दोन खुर्च्या बाहेर मांडून, बाप शेगडीपाशी उभा करून. तुम्ही नव्हतात ना भांडायला. मनात म्हटलं, घ्या, जिंकलो. आणि जिंकून काही बरं वाटेना.

खाली रस्ते मीच आखले. राजवाडा जरा लहान झाला आणि पापनाशम फ्रीजखाली गेलं. पहिल्या दिवशी आमच्या इमारतीतली माणसं आली, फोटो काढले, सुंदर सुंदर म्हणाली, सुंडल खाऊन गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. जमिनीवरची एक गाडी हलली नाही. मी रात्री आवरायला गेलो तर आवरायला काही नव्हतं. मला कळेना, बिघडलं कुठं.

तिसऱ्या संध्याकाळी दारात अंबुजाबाई. मागे तुमच्या गल्लीतली नऊ पोरं, धुतलेली, पावडर लावलेली. टाऊन बसनं घेऊन आल्या होत्या सगळ्यांना, गर्दीच्या वेळेला. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "मला काय करायचंय? पोरं डोकं खातायत." आत आल्या, पायऱ्या वरपासून खालपर्यंत बघितल्या, नाक मुरडलं. "लारी चुकीच्या पायरीवर ठेवलास. तुळसा ती वर ठेवायची." तुमच्या गाड्यांना नावं ठेवता ठेवता त्यांना सगळा कोलू पाठ झाला होता, अक्का.

पोरं ओळीनं उभी राहिली. हात मागे बांधून. खाली गाड्या, रस्ता, फाटक, सगळं तयार, आणि कुणी बोट लावेना. मी म्हटलं, "खेळा ना, विळैयाडुंग!" माझ्या तमिळला दोघं हसली, पण जागची हलली नाहीत. तुम्ही सांगितलेलं ते सात भावंडांचं मला आठवलं. मी अंबुजाबाईंना विचारलं, यांना झालंय काय?

"यांना नव्हे, तुला झालंय," त्या म्हणाल्या. "तुळसा आधीं स्वतः बसायची. मोठं माणूस बसल्याशिवाय पोरं कशीं हात लावतील? बस खालीं."

"मी?"

"मग काय मी? माझे गुडघे बघ."

पंचेचाळिसाव्या वर्षी, बँकेची पँट घालून, मी पालथा पडलो. मेधा दारात भांडं घेऊन उभी होती ती तशीच राहिली. मी एक लाल बस धरली आणि राजवाड्यापाशी नेली. तोंडातून आवाज निघेना. लाज वाटत होती, दुसरं काय? मग कसाबसा म्हटलं, पों. फार बारीक पों. एक पोरगं म्हणालं, "पाटी असा नाही वाजवायची," आणि त्यानं मला वाजवून दाखवलं. मी वाजवलं. त्यानं दुसरी बस घेतली आणि माझ्या बसला मागून धडकवली. डाव्या बाजूचा पत्रा चेपला, मी स्वतः बघितला, आणि तोंडातून ओरडणं निघालं ते "पापनाशम् इरंगु!" एवढंच. तेवढ्यानं काम झालं. पाच मिनिटांत फ्रीजपासून दारापर्यंत चक्काजाम. फाटक दोनदा मोडलं. अंबुजाबाई खुर्चीत बसून रेल्वेची शिट्टी वाजवायला लागल्या, आणि अक्का, त्या तुमच्यापेक्षा चांगली वाजवतात, रागावू नका.

मी पंधरा वर्षं गाड्या जमवतोय. त्या संध्याकाळपर्यंत मी एकही चालवली नव्हती.

मग एक मुलगी खेळायचं थांबली. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. ती पायऱ्यांपाशी जाऊन मान वर करून उभी राहिली. माझ्याकडे वळून तिनं बोट दाखवलं, "अंद वंडि?" ती गाडी? तिसऱ्या पायरीवरची घरवंडी. मी उठून जवळजवळ हात घातलाच होता. अंबुजाबाई खाकरल्या. मांडलेलं हलवायचं नाही, दसऱ्यापर्यंत. मी, ज्यानं पायरी पायरी म्हणून तुमचा महिनाभर जीव खाल्ला, तोच तिथं अडकलो.

मी तिला सांगितलं, ती देवाची. तिनं विचारलं, कधीपर्यंत? मी म्हटलं, दसऱ्यापर्यंत. "अप्पुरं?" तिनं विचारलं. मग, त्यानंतर?

त्यानंतर बंगळूर. काचेचं कपाट. मी तोंड उघडलं आणि ते मला तिला सांगता येईना. मेधा माझ्याकडे बघत होती. अंबुजाबाईंनी शिट्टी थांबवली होती. मी म्हटलं, "अडुत्त वरुषम. पुढच्या वर्षी. जमिनीवर ठेवीन, पहिल्या दिवशीच. आधी तू चालवायचीस." मुलीनं मान डोलावली, जणू हे ठरलेलंच होतं, आणि परत जाऊन फाटकापाशी पालथी पडली.

पोरं गेल्यावर मेधा म्हणाली, "आणि सांगली?" मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघू काय? सांगली कुठं पळून जात नाही. त्या पोरीला तुम्ही शब्द दिलाय." मग मी रघूला फोन केला, बंगळूरला नाही म्हणून सांग, गाड्या माझ्याकडे राहतील. तो म्हणाला, मामा, मावशीला हेच हवं होतं, पण ती म्हणायची, सांगलीला सांगायचं नाही, त्याचं त्याला कळू दे. तुमचं हे असं नेहमीचं. सांगून टाकलं असतंत तर मी ऐकलं नसतं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.

तर अक्का, जमीन. पुढच्या वर्षी, पहिल्या दिवशी. तुमचं खरं होतं, माझं चुकलं, हे मी आज इथं सगळ्यांदेखत लिहून देतोय. आणि हे ऐकायला तुम्ही नाही, याचा मला तुमचा इतका राग आलाय, की काय सांगू.